चेंगदूच्या ओपीडीत

चेंगदूच्या जुन्या शहराला लागून पश्चिमेला शिअरछ्याओ नावाचा रस्ता आहे. तिथे चेंगदू पारंपरिक चिनी वैद्यक विद्यापीठाचा जुना परिसर आहे आणि त्याला जोडून रुग्णालय. सकाळी साडेसातला या रुग्णालयाच्या ओपीडीत शिरलं की पुण्याच्या माणसाला ससून आठवतं. नातवंडांना कडेवर घेतलेल्या आज्या, कंबर धरून चालणारे टॅक्सीवाले, अर्धा चेहरा लुळा पडला म्हणून मास्क लावून आलेला तरुण. नंबर मोबाइलवर लावायचा, पैसे मोबाइलवर भरायचे, भिंतीवरच्या पडद्यावर नाव आलं की खोलीत जायचं. रुग्णालयात सीटी स्कॅन आहे, एमआरआय आहे, अतिदक्षता विभाग आहे. वॉर्डात सलाइनच्या बाटल्या लटकतात. त्याच इमारतीत तळाशी काढे उकळत असतात आणि एखाद्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच वनस्पती जळाल्याचा कडवट, सुगंधी धूर नाकात शिरतो.

मी आयुर्वेदाची पदवीधर. प्रॅक्टिस करता करता सुईचे उपचार शिकले आणि मग ते त्यांच्या मूळ ठिकाणी, वर्गात नव्हे तर रुग्णांजवळ बसून शिकावेत असं वाटू लागलं. म्हणून इथे प्रशिक्षणार्थी होऊन आले. पारंपरिक वैद्यकाचं रुग्णालय म्हणजे एखादी शांत, जुनी वास्तू असेल अशी कल्पना असणाऱ्याने इथला एक सकाळचा तास पाहावा. चीनने आपलं वैद्यक जपलं ते या गर्दीत आणून उभं करून, आणि या रुग्णालयातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. १९२९ मध्ये तेव्हाच्या सरकारपुढे पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला होता. १७ मार्चला देशभरातले वैद्य शांघायमध्ये जमले, विरोध केला आणि तो प्रस्ताव बारगळला. कम्युनिस्ट राजवटीत उलटी दिशा धरली गेली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि चेंगदू इथे चिनी वैद्यकाची पहिली चार महाविद्यालयं सरकारने काढली. १९८२च्या राज्यघटनेच्या २१व्या कलमात आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही वैद्यकांच्या विकासाची जबाबदारी राज्यावर आहे. चेंगदूचा विद्यार्थी पाच वर्षांत शरीररचना आणि औषधशास्त्र शिकतो, जुने ग्रंथही शिकतो आणि मग ओपीडीत येतो. इथले वैद्य एक्स-रे वाचतात, गरज पडल्यास प्रतिजैविकं लिहितात आणि त्याच कागदावर काढाही लिहितात.

शिकण्याची खरी जागा म्हणजे ज्येष्ठ वैद्याच्या टेबलाची डावी-उजवी बाजू. तिथे दोन-तीन विद्यार्थी बसतात आणि लाओशी, म्हणजे गुरुजी, जे सांगतील ते उतरवून घेतात. पूर्वी कुंचल्याने वहीत उतरवायचे, आता संगणकावर टाइप करतात. पण काम तेच, औषधपत्र लिहून घ्यायचं. सकाळच्या एका सत्रात चाळीस-पन्नास रुग्ण येतात. टेबलावर एक लहानशी उशी असते. रुग्ण तिच्यावर मनगट ठेवतो आणि लाओशी तर्जनी, मध्यमा, अनामिका टेकवतात. त्यांच्या मते डाव्या मनगटावर हृदय, यकृत, वृक्क आणि उजव्यावर फुप्फुस, प्लीहा, पुन्हा वृक्क. दाब आधी हलका, मग मध्यम, मग हाडापर्यंत. आमच्याकडेही नाडी याच तीन बोटांनी पाहतात, पण आम्ही वात, पित्त, कफ शोधतो. बोटं तीच असून मनात मांडलेला नकाशा वेगळा असला की काय होतं, हे मी रोज माझ्या हातावर अनुभवत होते. लाओशी ज्या नाडीला ‘तारेसारखी’ म्हणायचे ती मला आधी वाताची वाटायची. काही आठवड्यांनी मी तिला कोणतंच नाव न देता नुसती स्पर्शाने ओळखायला लागले आणि तिथून पुढे शिकणं सोपं झालं.

नाडीनंतर जीभ. तिचा रंग, सूज, कडेला दातांचे ठसे आहेत का, वरचा थर पातळ की जाड, पांढरा की पिवळा. मग झोप, शौच, घाम, तहान लागल्यावर पाणी गार हवंसं वाटतं की कोमट, असे प्रश्न. पुढचे तीन रुग्ण दार उघडून आत आलेले असतात आणि पहिल्याची जीभ तेही वाकून बघतात. आपल्या मनातल्या खासगीपणाच्या कल्पनेला ते बोचतं. पण या गर्दीत शिकणाऱ्याला जे मिळतं ते कुठल्या ग्रंथात नाही. एकाच सकाळी जाड, चिकट थर असलेल्या डझनभर जिभा पाहिल्यावर ‘ओलसरपणा’ ही त्यांची संकल्पना तोंडपाठ करावी लागत नाही. चेंगदू डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे, आभाळ वर्षातले कितीतरी महिने झाकोळलेलं. इथली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात अशी जुनी म्हण आहे. शरीरात साठलेली ओल बाहेर काढायची म्हणून मिरची आणि तिरफळाच्या जातीची ती जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी खायची, असं इथला प्रत्येक जण सांगतो. मिरची अमेरिकेतून आली, तिला इथे येऊन काही शतकंच झाली, तरीही ती वैद्यकाच्या हिशेबात अशी बसली आहे जणू आधीपासून तिथेच होती.

सुईचा विभाग वेगळ्या मजल्यावर. खाटांच्या रांगा, मध्ये पडदे, प्रत्येक खाटेवर टीडीपी दिवा. शेजारच्या छोंगछिंगमध्ये शोधलेला हा उष्णतेचा दिवा आता चीनभर दिसतो. इथे येणारे रुग्ण म्हणजे पक्षाघातानंतरचे, चेहऱ्याचा लकवा झालेले, मान आणि कंबर धरलेले, झोप न येणारे. उपचारांचं एक आवर्तन साधारण दहा बैठकांचं आणि पक्षाघाताचे रुग्ण रोज येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत, पण हाताशी रोज येतात ते पाऊणशे-शंभर. विद्यार्थी आधी कागदाच्या घट्ट गुंडाळीत सुई खुपसायचा सराव करतात, मग स्वतःच्या पायावर. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्झूसानली हा बिंदू आहे, तिथे मीही सुई घालून घेतली. सुई शिरताना टोचणं नाममात्र. नंतर आत काहीतरी दाटून येतं, जडपणा पावलाकडे उतरतो. ही जाणीव रुग्णाला येईपर्यंत वैद्य सुई फिरवत, हलवत राहतो. लाओशींच्या मते बिंदू सापडला की नाही हे सुई धरलेल्या बोटांनाही कळतं, मासा गळाला लागल्यावर कोळ्याला कळतं तसं.

लिफ्टच्या दाराशी नाकात शिरणारा तो धूर मोक्साचा. चिनी नाव आय, आपल्या दवण्याच्याच कुळातली वनस्पती. आपल्याकडे जोतिबाला दवणा वाहतात, इथे त्याच्या या भावंडाची पानं सुकवून, कुटून, कापसासारखी मऊ करून वळतात आणि बिंदूजवळ जाळतात. याच कुळातल्या छिंगहाओपासून थू यूयू यांनी १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळं केलं. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असं लिहिलं होतं, उकळावी असं नव्हतं. उष्णतेने गुण जात असेल असा तर्क करून थू यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला. मलेरियाने मरणाऱ्या लाखोंना त्या औषधाने वाचवलं आणि २०१५ मध्ये थू यांना नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथातली एक ओळ कशी वाचायची आणि मग तिला प्रयोगशाळेत कसं तपासायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सुईच्या बाबतीत मात्र असा लख्ख निकाल नाही, आणि तो तसा आहे असं मी सांगणार नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुई टोचण्याने आराम पडला, पण बिंदू नेमका कुठे याने फारसा फरक पडला नाही. मी हे आकडे एका तरुण वैद्यासमोर ठेवले. त्यांनी वाद घातला नाही. त्या अभ्यासात चेंगदूसारखा रोजचा उपचार नव्हता, एवढं म्हणाले आणि खाटेवरच्या आजोबांचा उजवा हात वर उचलून दाखवला. आवर्तनाच्या सुरुवातीला तो हात हलत नव्हता. पक्षाघातानंतर असे हात काही प्रमाणात आपोआपही सुधारतात, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. अशा ठिकाणी एका आजोबांवरून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच रुग्णालयाने नोंदी ठेवाव्यात आणि तुलनेचे अभ्यास करावेत असं मला वाटतं आणि इथे ते होऊ लागले आहेत, हे पाहून बरं वाटलं.

औषधांची खोली म्हणजे भिंतभर लाकडी कप्पे. पूर्वी हातातल्या छोट्या तराजूत तोलून प्रत्येक दिवसाची पुडी बांधत. आजही तोलणारे हात दिसतात, पण बहुतेक रुग्ण काढा यंत्रात उकळून, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत सीलबंद करून घरी नेतात. दालचिनी, ज्येष्ठमध, आलं, चिनी बोर आणि पिओनीचं मूळ असा एक काढा मी पुन्हा पुन्हा पाहिला. झांग झोंगजिंग यांच्या अठराशे वर्षं जुन्या ग्रंथातला तो आहे. थंडी वाजून ताप आला की हा काढा घ्यायचा, वर गरम पेज प्यायची आणि अंगावर पांघरूण घेऊन थोडा घाम येऊ द्यायचा. कोकणातल्या आजीला यातलं काहीही परकं वाटणार नाही. कप्प्यांमध्ये हिरडाही निघाला, हिंगही निघाला. माझ्याबरोबर असणारी दुभाषी, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, मला जिएजिए, म्हणजे ताई म्हणायची. हिरडा आमच्याकडे कसा वापरतात हे तिला सांगताना बाजूचे फार्मासिस्टही थांबून ऐकू लागले.

सिचुआनच्या औषधांमध्ये मानाचं स्थान फूत्झ या मुळाचं. बचनागाच्याच कुळातलं हे मूळ जिआंगयोउ भागात पिकतं आणि कच्चं असताना माणूस मारू शकतं. आधी ते मिठागरातल्या खारट द्रावणात भिजवतात, मग उकळतात, काप करून पुन्हा वाफवतात. आमच्याकडे वत्सनाभाचं शोधन गोमूत्रात करतात. दोन्हीकडच्या माणसांनी विषाची धार उतरवण्याचे आपापले मार्ग काढले. त्यातलं रसायनशास्त्र आज माहीत आहे: दीर्घ उकळीने ॲकोनिटिन या विषाचं विघटन होऊन सौम्य द्रव्यं तयार होतात. चिनी औषधकोशात मात्रा ३ ते १५ ग्रॅम दिली आहे आणि इतर औषधांच्या आधी ते वेगळं उकळायचं अशी सूचना आहे. पण एकोणिसाव्या शतकात चेंगदूत झेंग छिनआन या वैद्यांनी उष्ण औषधांवर भर देणारी परंपरा घडवली. तिच्यातले काही वैद्य याहून बरीच मोठी मात्रा देतात. आमचे लाओशी सावध होते. फूत्झ लिहिलं की औषधपत्रावर उकळायची वेळ ठळक अक्षरांत यायची आणि रुग्णाला ती तोंडीही सांगितली जायची. घरी घाईत अर्धवट उकळलेला एक पेला जिभेला मुंग्या आणतो, त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडवतो. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. ती ज्याला सोडवायची असेल त्याने फूत्झचा इतिहास वाचावा, आणि बेल्जियमचाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी नावाने जवळची दुसरी मिसळली गेली. ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. हेच आम्ल असलेलं एक औषध चीनने २००३ मध्ये वापरातून काढून टाकलं.

शहराच्या उत्तरेकडे हहुआछीचा औषधबाजार आहे, सरकारने मान्यता दिलेल्या सतरा मोठ्या बाजारांपैकी एक. एका सुट्टीच्या दिवशी दुभाषी मला तिथे घेऊन गेली. गोण्याच गोण्या, ‘छुआन’ म्हणजे सिचुआन हे नाव मिरवणारी मुळं आणि कंद, बारीक पांढऱ्या बेइमूचे लसणाच्या पाकळ्यांसारखे गड्डे, वाळवलेले मुंगळे आणि समुद्रघोडेसुद्धा. इथे मन अस्वस्थ होतं. खवले मांजराचे खवले २०२०च्या औषधकोशातून वगळले गेले, ही चांगली गोष्ट उशिरा घडली. त्या खवल्यांच्या मागणीपायी कोकणातल्या जंगलातली खवले मांजरंही मारली गेली आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेला गावोगाव त्यांच्या रक्षणासाठी काम करावं लागतं. एखाद्या वैद्यकाचं मोल मान्य करताना त्याच्यापायी दूरच्या डोंगरात काय होतं याचाही हिशेब धरला पाहिजे.

माझ्या मुक्कामात सानफू आला. वर्षातला सगळ्यात उकाड्याचा काळ, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, साठ दिवसांच्या जुन्या चक्रावरून काढलेल्या तीन टप्प्यांचा. हिवाळ्यात बळावणारे दमा, सर्दी, खोकला यांवर याच काळात पाठीवर लेप लावायचे, असा रिवाज आहे. पांढऱ्या मोहरीची पूड, काही तिखट मुळं, आल्याचा रस एकत्र मळून त्याच्या चकत्या मानेच्या खालच्या मणक्याजवळ आणि फुप्फुसांच्या बिंदूंवर चिकटवतात. ही कृती १६९५ मध्ये लिहिलेल्या झांग लू यांच्या ग्रंथात सापडते. पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या आवारापर्यंत रांग आली होती. शाळेतली मुलं शर्ट वर करून पाठ पुढे करत होती आणि आम्ही प्रशिक्षणार्थी भराभर चकत्या लावत होतो. मुलांना तास-दोन तास, मोठ्यांना थोडं जास्त, कातडी जळजळली की काढून टाकायची. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जमणारी आपल्याकडची माणसं आणि मृग नक्षत्रावर हैदराबादला माशातून औषध गिळणारी माणसं मला या रांगेत दिसत होती. फरक एवढाच की इथे औषध लावल्यावर प्रत्येक मुलाचं नाव, दिनांक आणि आधीचे आजार संगणकात नोंदले जात होते. या लेपाचा नेमका किती गुण येतो हे बनावट लेपाशी नीट तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. नोंद असेल तर ती तुलना उद्या कुणीतरी करू शकतं.

मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर काही वयस्क रुग्णांचे चेहरे खुलायचे. क दिहुआ, ते म्हणायचे. हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजोय कुमार बसूही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईचे उपचार शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केले. भारतात या उपचाराचं बीज पडलं ते असं, त्या जुन्या मैत्रीतून. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. आयुर्वेदाच्या कित्येक महाविद्यालयांत आंतररुग्ण विभागाच्या खाटा रिकाम्या राहतात आणि इंटर्न दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात रात्रपाळ्या करून शिकतात. त्यांच्यासाठी चेंगदूच्या ओपीडीचा धडा मला कायद्याहून मोठा वाटतो. हातांना रोज पन्नास रुग्ण मिळाले की ग्रंथातल्या शब्दाला अर्थ येतो.

शहरातला एक दिवस चेंगदू संग्रहालयासाठी राखून ठेवावा. २०१२-१३ मध्ये मेट्रोचं काम चालू असताना लाओग्वानशान इथे पश्चिम हान काळातल्या कबरी सापडल्या. त्यांत वैद्यकावरच्या नऊशेहून अधिक बांबूपट्ट्या होत्या आणि साधारण १४ सेंटिमीटर उंचीची लाखेची मानवी आकृती. ही आकृती आता या संग्रहालयात आहे, तिच्या अंगावर लाल-पांढऱ्या रेघा आणि बिंदू कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला शिकवायला कुणीतरी ती केली असावी. विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर छिंगयांग हे ताओपंथी मंदिर आहे. तिखटाची सवय नसणाऱ्या शाकाहारी माणसाची वेनशू मठातल्या भोजनालयात उत्तम सोय होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ शिकायचं असेल तर एक्स-२ प्रकारचा व्हिसा लागतो, त्यासाठी विद्यापीठाचं निमंत्रणपत्र आधी मिळवावं. उन्हाळा दमट असतो, पण सानफू पाहायचा तर तोच काळ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा शिकायला काहीच मिळत नाही. जाण्यापूर्वी औषधांची चिनी नावं लिपीसकट पाठ करावीत, कारण औषधपत्रात दुसरी लिपी नसते. दुभाषी असला तरी रुग्णांच्या सिचुआनी बोलीतले दुखणं, मुंग्या, जडपणा, दाटणं यांचे शब्द कानाला ओळखीचे करून घ्यावेत. सुई हातात असताना रुग्ण त्यातला कोणता शब्द बोलतो, यावरच पुढे फिरवायची की थांबायचं ते ठरतं.